गाडीत ठेवायची टॉर्च: विदर्भाच्या उन्हात टिकेल अशी

घरातली टॉर्च रोज हाताशी असते, उतरली की लगेच कळतं. गाडीतली टॉर्च चार-चार महिने कुणी हातात घेत नाही, आणि घेतली की ती पेटायलाच हवी. मधे अख्खा मे महिना गेलेला असतो. आमच्या वणी-मारेगाव भागात, आणि शेजारी चंद्रपुरात तर जास्तच, पारा ४५ अंशांवर जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो. म्हणून टॉर्च घेताना ती किती लख्ख पडते हे मी नंतर बघते. उन्हाळा काढून मृगाच्या पहिल्या पावसात ती पेटेल का, हे आधी.

मी गुरांची डॉक्टर आहे. रात्रीचे फोन बहुतेक अडलेल्या गाईम्हशींचे येतात. गाडी पांदणीच्या तोंडाशी लावायची आणि पुढे धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, पायी गोठ्यापर्यंत जायचं, असं काम. पुढे जे लिहिते आहे ते या कामातून आलेलं आहे, पण स्टेपनी बदलणाऱ्याला किंवा रात्री बिघडलेल्या गाडीचं बोनेट उघडणाऱ्यालाही ते तितकंच लागू पडतं.

आधी एक गोष्ट बाजूला करू. आठवडी बाजारात मिळणारी, खांद्याला पट्टा असलेली मोठी बॅटरी रात्री शेत राखायला, जागलीसाठी उत्तम. तिचा झोत लांब जातो, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलता येतात, आणि शेतकरी ती रोज सकाळी घरी आणून चार्जिंगला लावतो. त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत आत शिसे-ॲसिडचा सेल असतो. असा सेल उतरलेला पडून राहिला की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि पुढे तो चार्ज धरत नाही. उष्णतेत तो आपोआप लवकर उतरतोही. रोज वापरणाऱ्याला याचा त्रास नाही, पण गाडीत पडून राहणाऱ्या टॉर्चचा यात जीव जातो. त्यामुळे गाडीसाठी ती नको.

गाडीसाठी लिथियम-आयन सेलची टॉर्च घ्यावी, आणि तीही सेल बाहेर काढता येणारी. या एका मुद्द्यावर मी तडजोड करत नाही. लिथियमचा सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो. गरम जागा आणि भरलेला चार्ज एकत्र आले की फार लवकर होतो. आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांनी तो थकणारच. सेल आतच पक्का बसवलेला असेल तर सगळी टॉर्च टाकावी लागते. निघणारा असेल तर नवा सेल घातला की झालं.

हे सेल त्यांच्या मापावरून ओळखले जातात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. १८६५० मापाच्या चांगल्या सेलची क्षमता, म्हणजे त्यात मावणारा चार्ज, ३५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आसपास असते, २१७०० ची ५००० च्या आसपास. १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल तिथेच खाली ठेवा, दुकानदार कितीही शपथा घेवो. शंका असेल तर शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे हे उघड आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव समोर येतं. दुकानातच उभं राहून हे करता येतं आणि करावं. जास्तीचा सेल सोबत ठेवायचा असेल तर त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. चिल्लर आणि किल्ल्यांच्या कप्प्यात मोकळा सेल टाकला तर दोन्ही टोकं जुळून तो पेटू शकतो.

आता उजेडाचा हिशेब. खोक्यावर ‘१०,००० ल्युमेन, ८ तास’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. ते तपासायला शाळेतलं गणित पुरतं. ३००० एमएएचचा सेल, ३.६ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ११ वॅट-तास. चांगली एलईडी टॉर्च एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देते असं धरा. म्हणजे १००० ल्युमेनवर तासभर, ३०० ल्युमेनवर साडेतीन तास. १०,००० ल्युमेन ८ तास द्यायचे तर ८०० वॅट-तास लागतील. छोट्या कारच्या १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४२० असतात. म्हणजे त्या मुठीएवढ्या टॉर्चला बोनेटखालच्या तसल्या जवळजवळ दोन बॅटऱ्या लागतील. प्रामाणिक कंपन्या खोक्यावर एएनएसआय एफएल १ या टॉर्च मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीने काढलेले आकडे देतात. त्यातलं ‘अंतर’ मात्र समजून घ्या. जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर ते लिहितात. २०० मीटर लिहिलं असेल तर १०० मीटरवर काय उभं आहे ते ओळखू येईल, असं धरून चाला.

स्टेपनी बदलायला १५० ते ३०० ल्युमेन भरपूर झाले. पांदणीने चालायलाही तेवढेच. समोरच्या तुरीत काही हललं तर बघायला क्षणभर ८००-१००० असावेत. आणि एक अगदी मंद पायरी हवीच, पाच-दहा ल्युमेनची. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं झगझगीत उजेडात उलट वाचता येत नाहीत.

रंगाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि माझ्या कामात त्याचं मोल सगळ्यात जास्त आहे. गोचीड तापात जनावर रक्तक्षयाने पांढरं पडतं, कधी पिवळं. ते बघायला मी खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहते. स्वस्त, निळसर पांढऱ्या एलईडीत लाल रंग नीट उमटत नाही. धडधाकट गाईची गुलाबी पापणीही त्यात फिकट दिसते, आणि खरंच फिकट असलेली तिच्यातून वेगळी काढता येत नाही. कावीळ तर हमखास निसटते. म्हणून मी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० किंवा जास्त आणि ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे फार निळाही नाही आणि फार पिवळाही नाही असा, उजेड असलेली टॉर्च घेते. झोत थोडा कमी लांब जातो, जाऊ दे. गाडीच्या वायरिंगमधली लाल, तपकिरी आणि नारिंगी वायर वेगळी ओळखायची असेल तेव्हा तुम्हालाही हाच उजेड लागेल.

बटण हातमोजा घालून, चिखलाच्या बोटांनी दाबता आलं पाहिजे. एकदा दाबलं की पेटावी, पुन्हा दाबलं की विझावी. मधे लुकलुकणारे प्रकार येत असतील तर ती टॉर्च घेऊ नका. अडलेल्या म्हशीच्या डोळ्यासमोर उजेड लुकलुकला की ती बिथरते, आणि तुमचा हात तेव्हा आत असतो. बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर टॉर्च बंद असतानाही सेलमधून थोडा करंट जात राहतो. मागची टोपी पाव फेरा सैल केली की बऱ्याच टॉर्चमध्ये तो तुटतो, आणि पिशवीत चुकून पेटण्याचीही भीती राहत नाही. घेताना दुकानातच हे करून पाहा.

चार्जिंगला यूएसबी-सीच हवं. पण तिथेही मेख आहे. काही टॉर्च सोबत आलेल्या केबलनेच चार्ज होतात आणि फोनच्या दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने होतच नाहीत, कारण आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. आपली फोनची केबल आणि चार्जर दुकानात घेऊन जा आणि लावून बघा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का तेही पाहा. पाणी किती सोसते ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नाल्याला पूर आलेला बघायला उतरणाऱ्याने सातच घ्यावा. बुडाला चुंबक असेल तर फार सोय होते, टॉर्च बोनेटच्या आत चिकटते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दातात धरायची सवय सोडा. आत लिथियमचा सेल आहे.

डोक्याला बांधायची टॉर्च गोठ्यात छान, चालताना नाही. डोळ्याच्या रेषेतून उजेड पडला की जमिनीवर सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं. टॉर्च हातात, कमरेच्या खाली धरा आणि चार-पाच पावलं पुढे मारा. म्हणजे ढेकळं, काडीकचरा आणि त्यात वेटोळं करून बसलेली घोणस सावलीसकट उठून दिसते. “मॅडम, मी धरतो ना बॅटरी,” म्हणत मालक पुढे चालतो आणि झोत दूर झाडावर मारतो. त्याला मी लगेच सांगते, दादा, खाली मारा, पायाशी मारा.

गाडीत ठेवायची कुठे? डॅशबोर्डवर कधीच नाही, मागच्या काचेखाली नाही. सीटखाली मोकळी टाकू नका, ब्रेक दाबला की ती घरंगळत येऊन पेडलखाली अडकू शकते. ड्रायव्हरच्या दाराचा खालचा कप्पा बरा. तिथे ऊन थेट येत नाही आणि अंधारात चाचपडत हात पोचतो. होळीपासून मृगापर्यंत मात्र माझी टॉर्च दुपारी गाडीत राहत नाही. औषधांची पेटी उन्हात ठेवता येत नाही, ती घरात येते तेव्हा टॉर्चही तिच्यातच येते. ज्यांना ही आतबाहेर जमत नाही त्यांनी एए सेलवर चालणारी छोटी टॉर्च आणि लो सेल्फ-डिस्चार्ज प्रकारचे, म्हणजे पडून राहिले तरी हळू उतरणारे, निकेल-मेटल-हायड्राइड रिचार्जेबल सेल घ्यावेत. उजेड कमी मिळेल, पण ते सेल फुगून पेट घेत नाहीत. साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका, ते गळतात आणि आतली स्प्रिंग खाऊन टाकतात.

चार्ज करायचा तो घरात, रात्री. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मेच्या दुपारी गाडीच्या सॉकेटला लावणं म्हणजे नेमकं तेच. मी दर अमावास्येला बघते, कॅलेंडरवर काळा गोल छापलेलाच असतो, वेगळी आठवण लागत नाही. चार्ज दाखवणारे चार ठिपके असतील तर तीनपर्यंत भरते आणि काढते. पावसाळ्यात पूर्ण भरते, कारण तेव्हा रात्री निघावं लागतं आणि गाडीही तशी तापत नाही.

सेल फुगला, वाकडा झाला, किंवा त्याला गोडसर रसायनाचा वास आला की तो वापरू नका आणि चार्जही करू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका. गावातली गुरं तिथेच तोंड घालतात, आणि पोटात गेलेली तार, खिळा, टिनाचा तुकडा काढायला जनावराचं पोट उघडावं लागतं, हे मी रोजच्या कामात बघते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा सेल घ्यायला तालुक्याला जाल तेव्हा जुना सोबत न्या आणि तो घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा.