वाफसा बघून मैदान मागा

मराठवाड्यातली बरीच सार्वजनिक मैदानं काळ्या मातीवर आहेत, आणि फुटबॉल स्पर्धेची तारीख मात्र कॅलेंडर बघून ठरते. रविवार आहे, पाहुणे मिळालेत, मैदान मोकळं आहे, झालं काम. शेतकरी असा तिफण घेऊन रानात उतरत नाही, तो आधी वाफसा बघतो, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही ना, हे बघतो. गवत राखायचं तर मैदानाचं बुकिंगही तसंच करावं लागतं.

काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते. पहिला पाऊस भेगांमधून सरळ आत जातो. मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतरचं पाणी वरच तुंबतं. दोन दिवस ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो, मैदान कोरडं दिसतं, पण चार बोटं खाली लोणी असतं. फसगत होते ती इथेच. अशा मैदानावर ९० मिनिटं खेळलं की बुटाच्या प्रत्येक स्टडखाली माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गवताची, म्हणजे हरळीची, मुळं गुदमरतात. पुढच्या उन्हात तेच ठसे विटेसारखे कडक होतात आणि मग घोटे मुरगळतात.

म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी सातला खुरपं घेऊन मैदानात जा, मैदानाचे फोटोही काढून ठेवा. दोन्ही गोलसमोर, मध्यवर्तुळात आणि लाइन्समन धावतो त्या पट्ट्यात ८ ते १० सेंटिमीटर खोलीवरची माती काढा. मुठीत दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, खेळा. नुसताच चपटा झाला किंवा हाताला चिकटला तर सामना पुढे ढकला. टाचेने दाबल्यावर पाणी वर येत असेल तर गोळा करायचीही गरज नाही. हा निर्णय मैदानाचा माळी आणि आयोजकांपैकी एकच माणूस, अशा दोघांनीच घ्यावा. बॅनर लागल्यावर आणि उद्घाटक गाडीतून उतरल्यावर कुणीही ‘नाही’ म्हणत नाही.

पुढे ढकलायला जागा हवी, म्हणून अर्जातच राखीव तारीख मागून ठेवा. जिल्हा क्रीडा संकुल असेल तर अर्ज क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, नगरपरिषदेचं मैदान असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. ‘एक दिवस मैदान मिळावे’ एवढंच लिहू नका. एकूण किती तास खेळ होणार ते लिहा. वीस-वीस मिनिटांच्या डावाचे आठ सामने म्हणजे ५ तास २० मिनिटं, आणि वॉर्म-अप वेगळाच. साध्या मातीवरची हरळी आठवड्याला सहा ते आठ तासांचा खेळ सोसते, त्यापुढे टक्कल पडायला लागतं. म्हणजे एका दिवसाच्या नॉकआउटमध्येच आठवड्याचा बहुतेक वाटा संपतो. त्या आठवड्यात सराव दुसरीकडे न्या.

मोसमाचंही गणित आहे. हरळी उन्हाळी गवत आहे, उबेत आणि ओलीत जोमाने पसरते. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की वाढ जवळपास थांबते, आणि आपल्याकडे स्पर्धांची गर्दी नेमकी तेव्हाच. थंडीत उखडलेली जागा फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरत नाही, आणि त्यानंतर पाणी नसतं. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ७,१४० लिटर. २५ मिलिमीटरची एक ओल द्यायची तर १० हजार लिटरचे जवळपास १८ टँकर. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात गवतासाठी टँकर मागायला तोंड नसतं. उन्हाळी शिबिर भरवायचंच असेल तर ते कडेच्या मुरमाच्या पट्टीवर घ्या.

सगळ्यात आधी जातं ते गोलसमोरचं गवत. सरावात मुख्य गोल वापरूच नका. हलते गोल टचलाइनवर ठेवून मैदान आडवं वापरा, सातजणांचे दोन सामने शेजारी शेजारी बसतात आणि झीज विभागली जाते. हलत्या गोलांवर मागच्या बाजूने वाळूची पोती टाकाच. गोल उलटून मुलांच्या जिवावर बेतू शकतं. गोलकीपरचा वॉर्म-अप गोललाइनच्या मागे किंवा कोपऱ्यात होऊ द्या.

उघडी पडलेली जागा बुजवायला मुरूम टाकण्याची सवय घातक आहे. मुरमात हरळी धड धरत नाही, गुडघे सोलतात आणि खडा लागून मशीनची पाती बोथट होतात. ओल्या काळ्या मातीत चार पाट्या वाळू ओतली तर ती वाळल्यावर आणखी घट्ट बसते. त्यापेक्षा मैदानाचीच माती चाळून घ्या, तीन पाट्यांना एक पाटी कुजलेलं शेणखत मिसळा. मृगाचा पाऊस झाल्यावर, वाफशावर, जागा दाताळ्याने चार बोटं मोकळी करा, हे मिश्रण पसरा आणि हरळीचे ठोंब १५ सेंटिमीटर अंतराने लावा. गोल एरिया म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, त्याला साडेचार हजारांच्या आसपास ठोंब लागतात. विकत घ्यायची गरज नाही, शेतकरी शिव्या देत जी हरळी उपटून बांधावर टाकतो तीच हवी. फक्त तिच्यासोबत लव्हाळ्याची, म्हणजे त्या चिवट तणाची, गाठ आली नाही ना, हे झटकून बघा. आली तर पुढची कित्येक वर्षं निस्तरत बसाल. पहिले दहा दिवस पावसाने उघडीप दिली तर सकाळ-संध्याकाळ हलकं शिंपण करा, आणि सहा आठवडे दोरी लावून जागा बंद ठेवा. गोखरू दिसला की काटे धरण्याआधीच उपटा, चेंडू आणि तळपाय दोन्ही वाचतात.

आखणीला फक्की, म्हणजे खडूसारखी पांढरी भुकटी, वापरा, चुना नको. चुनकळी तर मुळीच नको, गवत जळतंच आणि डोळ्यांत गेली तर इजा होते. रेषा महिनाभर टिकावी म्हणून जळकं ऑइल ओतणारेही आहेत, तिथे पुढे गवत उगवत नाही.

मंडप, खुर्च्या, जनरेटर, बक्षिसांचं टेबल हे सगळं टचलाइनच्या बाहेर ठेवा. मंडपाच्या खुंट्यांचे खड्डे चेंडूलाही कळतात. उन्हात गवतावर सतरंजी दिवसभर पसरली तर खालची हरळी पिवळी पडते. पाण्याचा टँकर आत आणू नका, कडेला उभा करून पाइप टाका. ओल्या मैदानात टँकरची चाकोरी उमटली की ती पुढचा पावसाळा येईपर्यंत दिसते. त्यावर रोलर फिरवणं हा उपाय नाही, ओलीत रोलर म्हणजे सगळ्या मैदानाची वीट करणं.

शेवटची शिट्टी वाजली की दोन्ही संघांनी दहा मिनिटं मैदानात थांबावं. उखडलेले गवताचे तुकडे मुळं ओली आहेत तोवर उलटे पडलेले सुलटे करायचे, खळीत बसवायचे आणि पायाने दाबायचे. उद्यावर ढकललं तर तो तुकडा वाळून कचरा होतो. मग माळ्यासोबत एक फेरी मारा, दोन्ही गोलसमोरचे फोटो काढा, सकाळी काढलेल्या फोटोंशेजारी ठेवा आणि अनामत परत मागायच्या अर्जाला जोडा.