‘होस्ट नॉट रिस्पॉन्डिंग’चा अलर्ट येतो आणि जातो? या चुका टाळा

व्हीसेंटरवर (व्हीएमवेअरचे सगळे होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) हा अलर्ट दिसला की होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा सर्व्हर, रीबूट करायला धावू नका. होस्टचा आवाज व्हीसेंटरपर्यंत पोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्हीएम (होस्टवर चालणारी आभासी मशीन) बहुतेक वेळा सुरळीत चालू असतात. रीबूट करून त्या तुम्हीच पाडता.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे 902 पोर्ट उलट्या दिशेने तपासणं. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची होस्टवरची प्रणाली) चालवणारा होस्ट दर 10 सेकंदांनी व्हीसेंटरकडे यूडीपी 902 वर हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश, पाठवतो. सलग 60 सेकंद एकही पोचला नाही की अलर्ट. तपासणारे मात्र व्हीसेंटरवरून होस्टचा टीसीपी 902 (यूडीपीपेक्षा वेगळा प्रोटोकॉल) बघतात, तो उघडा दिसतो आणि फायरवॉलवाले सुटतात. होस्ट पुन्हा जोडल्यावर मिनिटभरात नेमाने तुटत असेल, तर आधी यूडीपीवरच संशय घ्या. होस्टवर टीसीपीडम्प-यूडब्ल्यू आणि व्हीसेंटरवर टीसीपीडम्प (ये-जा करणारी पॅकेट दाखवणाऱ्या कमांड), दोन्ही यूडीपी 902 च्या फिल्टरसह लावा आणि अलर्ट येईपर्यंत बंद करू नका. पॅकेट निघतात पण पोचत नाहीत, तर दोष वाटेत आहे. निघतच नाहीत, तर व्हीपीएक्सए (व्हीसेंटरशी बोलणारी होस्टवरची सर्व्हिस) किंवा होस्टडी (होस्ट सांभाळणारी मुख्य सर्व्हिस) अडकलंय. मग स्टोरेजचे पाथ तुटलेत का ते बघा.

समजा, व्हीसेंटर महापेच्या डेटा सेंटरमध्ये आणि होस्ट खाडीच्या अलीकडे, ठाण्यात वागळे इस्टेटला. रात्री एकला बॅकअप सुटतो, मधली लिंक तुडुंब भरते, हार्टबीट गळतात, 1:20 ला अलर्ट येतो आणि लिंक मोकळी झाली की जातो. सकाळी शिफ्टवाला होस्टच्या लॉगमध्ये 1:20 शोधतो, तिथे काहीच नसतं आणि तिकीट ‘फॉल्स अलर्ट’ म्हणून बंद होतं. हा निष्काळजीपणा आहे. ईएसएक्सआयचे लॉग यूटीसीमध्ये असतात. साडेपाच तास वजा करा: आपल्या 1:20 ची नोंद आदल्या तारखेला 19:50 च्या आसपास सापडेल. उपाय लिंकवर करायचा: बॅकअपच्या वेगाला मर्यादा घाला, मॅनेजमेंट ट्रॅफिकला प्राधान्य द्या.

टाइमआउट 60 चा 120 करणं तपासापुरतं ठीक. तसाच कायम ठेवलात तर खरा बिघाड दुप्पट उशिरा कळेल.

सगळ्या सर्व्हिसेस एका कमांडने रीस्टार्ट करायची सवय मोडा. एलएसीपी (अनेक नेटवर्क केबल एकत्र जोडण्याची पद्धत) असेल तिथे त्याने नेटवर्कच तुटू शकतं. आधी सपोर्ट बंडल (तपासासाठी लॉगचा संच) काढून ठेवा, मग व्हीपीएक्सए, आणि गरज पडली तरच होस्टडी.

डीएनएस सुलट आणि उलट (नावावरून आयपी, आयपीवरून नाव), दोन्ही बाजूंनी तपासा. एनटीपीही, म्हणजे घड्याळं जुळतात का ते.

मॅनेजमेंटचा आयपी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही ना, तेही पाहा. नव्या सर्व्हरला घाईत आयपी देणारे हा घोळ हमखास घालतात.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) 1500 असेल तर व्हीएमकेपिंगला (होस्टवरची पिंगची कमांड) फ्रॅगमेंट, म्हणजे तुकडे, न करण्याचा पर्याय देऊन 1472 बाइटचं पॅकेट पाठवा. साधा पिंग चालतो आणि हा अडकतो, तर मधल्या स्विचवर किंवा टनेलवर एमटीयू कमी आहे.