सी-टाइप यूएसबी कधी चालतं, कधी नाही: माझा अनुभव

फोंड्यातल्या शेडसाठी केलेला तापमान नोंदणारा बोर्ड. ए-टू-सी केबलने (एका टोकाला जुनं रुंद यूएसबी-ए) चालायचा, सी-टू-सी लावली की मेलेला. हे लक्षण दिसलं की आधी सीसी पिना बघा, म्हणजे समोर काय जोडलंय हे पोर्टला ज्यांवरून कळतं त्या सी कनेक्टरमधल्या दोन पिना. जुन्या ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. सी पोर्ट मात्र सीसीवर ५.१ किलोओहम दिसल्याशिवाय वीजच सोडत नाही.

केबल काढून मल्टिमीटरने ए५ आणि बी५ (याच दोन सीसी) पिना ग्राउंडशी मोजल्या. दोन्ही एकत्र जोडून एकच रेझिस्टर होता. साध्या केबलवर हे खपून जातं, पण ई-मार्कर चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेल्या केबलमध्ये दुसऱ्या सीसीवर सुमारे १ किलोओहम असतो. दोन्ही समांतर येतात, आणि समोरचा पोर्ट ही ऑडिओ ॲक्सेसरी (हेडफोनसारखं काही) आहे असं समजून वीज देत नाही. ट्रॅक ब्लेडने कापला, प्रत्येक सीसीला स्वतंत्र ५.१ किलोओहम (१%) लावला. वीज लगेच आली.

तरीही लिनक्सच्या लॉगमध्ये मधूनमधून एरर -७१ (प्रोटोकॉल एरर). म्हणजे वीज आहे, डेटा बिघडतोय. भिंगाखाली डी-प्लसच्या (डेटाच्या) पिनेचा सांधा करडा, खरबरीत दिसला. कनेक्टर हलवला की संपर्क तुटायचा. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून ताज्या सोल्डरने सांधा पुन्हा जोडला. कनेक्टरच्या कवचाचे चारही पाय सोल्डरने नीट भरा, नाहीतर केबलचा ताण सगळा या बारीक पिनांवरच येतो.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने फ्लक्स धुतला. आपल्याकडच्या पावसाळी दमटात तो ओलावा धरतो आणि पिनांमध्ये गळती होते, म्हणून हे टाळू नकाच.