घरच्या घरी कॉस्मिक रे बघायचेत? मग फिश टँक आणा

कॉस्मिक रे म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, आणि अशा कणांच्या वाटा डोळ्यांना दाखवणारी पेटी म्हणजे क्लाउड चेंबर. आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमचा रविवार वाचेल. पहिल्यांदा क्लाउड चेंबर केलं तेव्हा घरात पडलेलं ७० टक्केवालं अल्कोहोल ओतलं आणि तासभर अंधारात टॉर्च धरून बसलो, दिसलं काय तर घंटा. पाणी मिसळलेलं चालतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्केच हवं, मोबाइल रिपेअरवाले बोर्ड पुसायला वापरतात ते, बाटलीवर आयपीए लिहिलेलं असतं.

बाकी सामान फार नाही. छोटा फिश टँक घ्या, पण काचेचाच, कारण अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोलने बारीक बारीक तडे जातात. फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) जाड पट्टी, टँकच्या तोंडापेक्षा थोडा मोठा धातूचा ट्रे (काळा नसेल तर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा, काळ्यावरच पांढऱ्या रेषा उठून दिसतात), मुलांचा क्ले, एक झणझणीत एलईडी टॉर्च, थर्माकोलचा खोका आणि दोन-तीन किलो ड्राय आइस. लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला पायाशी ढग सोडतात ना, त्या डेकोरेशनवाल्याला विचारा तो कुठून आणतो. आणायचा मात्र त्याच दिवशी, उणे ७८ डिग्रीचा असतो, आपला घरचा फ्रीझर त्याच्यापुढे भट्टी, त्यामुळे आदल्या दिवशी आणून ठेवलात तर सकाळी खोका रिकामा.

आता दोन गोष्टी कंटाळा न करता वाचा. ड्राय आइसला जाड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो म्हणून खोलीची खिडकी उघडी, गाडीतून आणतानाही काच खाली, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात तर चुकूनही भरायचा नाही, डबा फुटतो. दुसरं म्हणजे अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅस बंद, देवघरातलं निरांजन आणि उदबत्तीही बंद.

जोडणी सोपी आहे. टँकच्या तळाला आतून फेल्ट पक्कं बसवा, त्यावर अल्कोहोल ओतून चिंब भिजवा, जास्तीचं निथळून टाका आणि टँक उलटा करून ट्रेवर पालथा घाला. म्हणजे फेल्ट वर, थंड ट्रे खाली. दम बिर्याणीच्या पातेल्याला कणीक लावतो तसा कडेने क्ले दाबून लावा, कुठे फट ठेवू नका, दहातले आठ चेंबर इथेच फसतात असं माझं मत. मग हे सगळं ड्राय आइसवर ठेवा, ट्रे सपाट टेकला पाहिजे. खोलीत अंधार, टॉर्च बाजूने आणि खालच्या अंगाला, वरून नाही. पंधरा मिनिटं हात लावू नका. आधी नुसता पाऊस पडताना दिसेल, बारीक थेंबांचा, तो दिसला की समजा जमलं.

होतं काय, वरून वाफ खाली येते आणि ट्रेच्या जवळ इतकी गार होते की तिला थेंब व्हायचंच असतं, फक्त निमित्त हवं असतं. विद्युतभारित कण तिथून गेला की वाटेतल्या हवेचे आयन (विद्युतभार आलेले रेणू) करत जातो आणि त्या आयनांवर थेंब धरतात, आपल्याला दिसते ती कणाची वाट, कण केव्हाच पसार. हा थर जेमतेम एखाद सेंटीमीटरचा असतो म्हणून नजर ट्रेला लागूनच ठेवायची.

आता रेषा ओळखायला शिका, खरी मजा त्यात आहे. जाड, आखूड, सुरवंटासारखी रेष आली तर उड्या मारू नका, ती कॉस्मिक नाही, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमधून निघालेला अल्फा कण आहे. बारीक आणि वेडीवाकडी, दारू प्यायल्यासारखी चालणारी रेष इलेक्ट्रॉनची. आणि बारीक, लांब, पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली ती बहुतेक म्यूऑनची (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. तळहाताच्या एका चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो, पण उभा आला तर थर पातळ असल्याने नुसता ठिपका दिसतो, लांब रेष तिरक्याचीच.

आईला दाखवलं तर तिने विचारलं, "हे फुटलेल्या ताऱ्यातून आलंय का रे?" म्हटलं, "नाही गं आई, हा नातू, आपल्याच वातावरणात जन्मलेला. आजोबा तिकडून आले होते." आजोबा म्हणजे बहुतेक वेळा प्रोटॉन. तो वर हवेच्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून पायॉन नावाचा क्षणभर टिकणारा कण होतो, आणि पायॉनचा म्यूऑन, साधारण १५ किलोमीटर उंचीवर. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, त्या हिशोबाने प्रकाशाच्या वेगानेही ६६० मीटरमध्ये खेळ खलास व्हायला हवा, पण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या हिशोबाने हळू चालतं म्हणून तो तुमच्या ट्रेपर्यंत पोचतो. सापेक्षतावाद फिश टँकमध्ये, अजून काय पाहिजे!

आजोबांना एवढा वेग कुठून आला? तारा फुटला की त्याची धक्कालाट पसरते, चुंबकीय क्षेत्रं कणाला परत परत वळवून त्या लाटेच्या आरपार नेतात आणि दर फेरीला थोडी ऊर्जा मिळते, झोक्याला दर खेपेला हलका धक्का द्यावा तशी. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीची, १९४९ सालची. २०१३ मध्ये त्याच्याच नावाच्या फर्मी अवकाश दुर्बिणीने आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन सुपरनोव्हा अवशेषांतून (फुटलेल्या ताऱ्यांच्या उरल्यासुरल्या ढगांतून) येणाऱ्या गॅमा किरणांत पायॉनची खूण पकडली, म्हणजे प्रोटॉन तिथे खरंच वेग घेतात. पण तुमच्या रेषेचा आजोबा नेमका कुठला हे सांगता येत नाही, वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी त्याला इतकं फिरवलेलं असतं की येण्याच्या दिशेला काही अर्थ उरत नाही.

हे कॉस्मिक किरण वरून येतात हे भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये बलूनमधून ५ किलोमीटरच्या वर जाऊन दाखवलं. आपल्याकडे टीआयएफआरवाले (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) उटीला ग्रेप्स-३ हा कॉस्मिक रे प्रयोग चालवतात, ५६० चौरस मीटरचा म्यूऑन टेलिस्कोप आहे तिथे, त्याने एका वादळी ढगात १.३ अब्ज व्होल्ट मोजले, कसे तर ढगाखाली म्यूऑन किती कमी झाले ते बघून.

हां, उरलेला ड्राय आइस बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. गॅलरीत खोका उघडा ठेवा, मांजर-मुलं लांब, सकाळपर्यंत उडून गेलेला असतो.