कमी पैशांत शॉर्टफिल्म कशी एडिट करावी: आधी ऐका, मग कापा

गिरगावातल्या चाळीत, मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आम्ही दोन दिवसांत एक शॉर्टफिल्म शूट केली. आई, मुलगा आणि चाळ रीडेव्हलपमेंटला जाणार म्हणून आलेला करारनामा, एवढीच गोष्ट. तीन तास दहा मिनिटांचं फुटेज हाती आलं, फिल्म झाली अकरा मिनिटांची. मधले सात आठवडे मी रोज ऑफिसातून डोंबिवलीला घरी आलो की जेवून साध्या लॅपटॉपवर एडिटला बसत असे. ज्या क्रमाने ते काम केलं आणि आजही करतो, तो क्रम इथे देतो आहे. माझं ठाम मत आहे की कमी बजेटची फिल्म बहुतेक वेळा आवाजात पडते. चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आला नाही की मात्र उठून जातात. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर कान येणारच.

१. फुटेज उतरवा, दोनदा

शूट संपल्या रात्रीच कार्ड दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. कॅमेरा १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, रेकॉर्ड करत असेल तर तासाभराचं फुटेज साधारण ४५ जीबी होतं, म्हणजे आमचं सगळं मिळून दीडशे जीबीच्या आत. एवढ्यासाठी महागडी डिस्क लागत नाही, लॅमिंग्टन रोडला परवडेल अशी मिळते, फक्त बिल आणि वॉरंटी घेऊन घ्या. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका. एक तुमच्याकडे, दुसरी कॅमेरामनच्या घरी. पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, मुंबईची दमट हवा कुणाला सोडत नाही. आणि प्रत्येक फोल्डरमधली पहिली, मधली आणि शेवटची क्लिप चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

२. फ्रेम रेट आधी ठरवा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम (हाच फ्रेम रेट) आणि १/५० शटरवर शूट केलं तर चित्र लुकलुकत नाही. टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली क्लिपा ओळीने मांडायची पट्टी, तीही २५ चीच करा आणि हे पहिल्याच मिनिटाला करा. मी वापरतो त्या रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदा क्लिपा आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो फोनवर घेतलेल्या दोन सीनमध्ये. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता. क्लॅपला ओठ अगदी जुळले होते, पण चौथ्या मिनिटाला मुलगा बोलून झाल्यावर शब्द ऐकू यायचा. कारण असं, की बरेच फोन उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम रेटही कमी-जास्त करतात. उपाय सोपा आहे. फोनच्या सगळ्या क्लिपा हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढा आणि मगच टाइमलाइनवर घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्‌झवर लावा, ४४.१ हा गाण्यांच्या सीडीचा आकडा आहे. आम्ही हे शूट झाल्यावर शिकलो, तुम्ही आधी करा.

३. सॉफ्टवेअर

डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शॉर्टफिल्मला पुरेशी आहे. ३८४० बाय २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं, कापणं, रंग आणि आवाज सगळं एकाच ठिकाणी. चित्रातला ग्रेन, म्हणजे अंधारात दिसणारे दाणे, घालवणारं नॉइज रिडक्शन त्यात नाही, म्हणून शूटच्या वेळीच उजेड द्या. काही कॅमेऱ्यांचं १०-बिट (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज उघडायला अडचण येते, तेव्हा शूटच्या आठवडाभर आधी एक क्लिप आपल्या मशीनवर चालवून बघा. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे त्याच क्लिपांच्या हलक्या प्रती. एडिट त्यांच्यावर करायचं, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. मशीन बदलण्याआधी हे करून बघा.

एका वस्तूवर मात्र पैसे घाला: वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि तुम्ही बरोबर असलेला सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाची जुळणी, चूक समजून हलवत बसता.

४. सगळं बघा, मग सगळं ऐका

वेव्हफॉर्मवरून, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखावरून, चित्र आणि आवाज सिंक करून घ्या, मग एकही कट न मारता सगळे टेक बघा. हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. वही घ्या. पहिल्यांदा बघताना जिथे पोटात काहीतरी हललं तिथे वेळ लिहून ठेवा. ती प्रतिक्रिया नंतर पुन्हा मिळत नाही, दहाव्यांदा बघताना सगळंच सारखं वाटतं. ‘अॅक्शन’च्या आधीचे आणि ‘कट’नंतरचे सेकंदही बघा.

दुसऱ्या फेरीला स्क्रीन झाका आणि फक्त ऐका. कुठल्या टेकमध्ये कावळे आहेत, कुठे शेजारच्या कुकरची शिट्टी संवादावर आली आहे, कुठे चर्नी रोडकडून गाडी गेली, हे वहीत वेगळ्या शाईने लिहा. एखाद्या वाक्याचा अभिनय दुसऱ्या टेकमध्ये चांगला आणि आवाज पाचव्यात स्वच्छ असतो. पाचव्यातला आवाज दुसऱ्याच्या ओठांवर बसतो का, ते करून बघा. एकच नट तेच वाक्य पुष्कळदा त्याच चालीत म्हणतो, त्यामुळे अपेक्षेपेक्षा जास्त वेळा बसतो.

५. रफ कट: कागदावरचा सीन विसरा

पहिला जोडकाम कट पटकथेप्रमाणेच करा, सगळे संवाद ठेवून. तो लांब आणि रटाळ होतो, होऊ द्या. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आमचा मुख्य सीन असा होता. आई तांदूळ निवडते आहे, मुलगा येऊन सांगतो, “आई, सही झाली.” मग ती विचारते, तो समजावतो, ती चिडते, एकूण चौदा संवाद. पहिल्या कटमध्ये सीन तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. दोघं उत्तम काम करत होते, तरीही सीन हलत नव्हता. चार रात्री मी त्यातली सेकंदं छाटत बसलो. काही फरक पडला नाही, कारण अडचण लांबीची नव्हतीच. मुलाने ‘सही झाली’ म्हटल्यावर प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं. पुढची दहा वाक्यं तेच पुन्हा सांगत होती.

उत्तर वहीत सापडलं. तिसऱ्या टेकच्या आधी, कॅमेरा चालू होता आणि अजून ‘अॅक्शन’ म्हटलं नव्हतं, तेव्हा नळाला पाणी आलं. चाळीत पाण्याची वेळ ठरलेली असते. मावशींनी हंडा नळाखाली सरकवला आणि आईचं काम करणाऱ्या ताईंनी मान वळवून नळाकडे बघितलं. हातात तांदूळ तसेच. साडेचार सेकंद. अभिनय नव्हता तो, आयुष्यभर पाण्याच्या वेळेवर जगलेल्या बाईची सवय होती. “सही झाली” या वाक्यानंतर मी तो शॉट लावला आणि मधले दहा संवाद काढून टाकले. सीन एक मिनिट पन्नास सेकंदांचा झाला.

काढलेल्या संवादांत माझं सगळ्यात आवडतं वाक्यही गेलं. दिग्दर्शक, लेखक आणि एडिटर एकच माणूस असला की हे सर्वांत अवघड जातं. काढलेल्या गोष्टींची वेगळी टाइमलाइन ठेवा. तिथे त्या सुरक्षित आहेत म्हटल्यावर हात चालतो.

कट कुठे मारायचा, याचं एक काम करणारं माप देतो. बोलणाऱ्यावर कापण्याआधी ऐकणाऱ्याकडे बघा. वाक्य बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुरू होऊ द्या आणि उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यावर चालू द्या, म्हणजे चित्र बदलतं पण आवाज तोच राहतो. एडिटर याला एल-कट म्हणतात. उलट, पुढच्या सीनचा आवाज आधी आला आणि चित्र नंतर आलं तर तो जे-कट. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापले तर प्रत्येक कट टोचतो. संवाद फेकाफेकीचा चेंडू होऊ नये यासाठी दोनच ट्रॅक मागेपुढे सरकवायचे असतात, त्याला पैसे पडत नाहीत.

६. आवाज: निम्मा वेळ इथे द्या

त्या नळाने आम्हाला एक धडा दिला. हंडा भरत जातो तसा पाण्याचा आवाज चढत जातो, आधी खोल, मग बारीक. दोन वेगवेगळे टेक जोडले की तो आवाज मध्येच उडी मारतो आणि डोळ्यांना न दिसलेला कट कानाला कळतो. म्हणून सलग चालणारं काहीही संवादाच्या वेळी बंद करा: नळ, पंखा, मिक्सर, टीव्ही. फ्रिजचं बटण बंद केलंत तर गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. मग यातला जो आवाज सीनमध्ये हवा असेल तो स्वतंत्र, सलग दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि एडिटमध्ये सगळ्या कटांखाली अखंड अंथरा. आम्ही दुसऱ्या दिवशी मावशींच्या पाण्याच्या वेळी पुन्हा गेलो, फक्त हंडा भरण्याचा आवाज घ्यायला. आता सीनमध्ये पाणी चढत जातं आणि हंडा भरून वाहतो, तेव्हा आई उठते. आईने करारावर काय म्हटलं असतं ते प्रेक्षक त्या पाण्यात ऐकतात.

तसाच रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, घ्या. प्रत्येक जागेचा, सगळ्यांना गप्प उभं करून, निदान मिनिटभर. संवादांमधल्या रिकाम्या जागा त्यानेच भरायच्या. तिथे शुद्ध शांतता ठेवली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. मुंबईत पूर्ण शांत खोली मिळत नाही आणि ती हवीही नाही. गिरगावची खोली गिरगावची वाटली पाहिजे. नको ते आवाज फक्त संवादावरून हटवायचे.

संवादाची साफसफाई या क्रमाने करा. आधी प्रत्येक वाक्याचा आवाज हाताने वरखाली करून सारखा करा. मग ८० हर्ट्‌झच्या खालचं कापा, रस्त्याची घरघर बरीचशी तिथेच असते. मग गरज असेल तरच नॉइज रिडक्शन, आणि तेही हलकं. जास्त लावलं की माणूस डब्यातून बोलतो आहे असं वाटतं. जे वाक्य एवढं करूनही सुधारत नाही ते डब करा, म्हणजे नटाकडून पुन्हा बोलवून घ्या. कपाटासमोर, डोक्यावर गोधडी घेऊन, शूटला वापरलेलाच माइक तेवढ्याच अंतरावर धरून. नटाला आधी स्क्रीनवर सीन दाखवा, आणि शूटला तो बसून बोलला असेल तर इथेही बसूनच बोलू द्या, श्वास वेगळा येतो. पावलं, भांडी, कागद हे सगळं घरच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड होतं.

७. दाखवा आणि लॉक करा

रफ कट चार जणांना दाखवा. त्यातले दोघे फिल्मवाले नकोत. “कसं वाटलं” विचारू नका, सगळे छानच म्हणतात. “गोष्ट सांगा” म्हणा. ते जिथे अडखळतात तिथे तुमचा कट अडखळलेला असतो. शेजारच्या काकूंना शेवटी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मुलगा मोठा की धाकटा ते कळलं नाही.” आम्ही ते सांगणारं वाक्य कापलेलं होतं, परत घातलं. मग पिक्चर लॉक, म्हणजे यापुढे चित्राचा एक फ्रेमही हलवायचा नाही.

रंगाचं काम त्यानंतर. आधी एका सीनमधले सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, त्वचेचा रंग बघून. ‘लूक’, म्हणजे पूर्ण फिल्मला द्यायची रंगछटा, सगळ्यात शेवटी. कमी बजेटमध्ये इथेच फार वेळ जातो, दोन रात्रींची मर्यादा घाला.

८. देवनागरी, सबटायटल आणि संगीत

काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. श्रेयनामावलीत लोकांचं नाव चुकणं वाईट. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टायटल बनवा, मुक्तसारखा मोफत फॉन्ट घ्या, पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा. इंग्रजी सबटायटल मात्र वेगळ्या एसआरटी (वेळेसकट साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये करा, एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं.

संगीतात घाई नको. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणीही वापरू शकतो, पण एखाद्या गायकाच्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा हक्क असतो आणि चालीवर संगीतकाराचा. भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. ओळखीच्या कुणाकडून पेटीवर नवी चाल वाजवून घ्या आणि परवानगी लेखी घ्या, मित्र असला तरी. आमच्या फिल्ममध्ये शेवटी संगीत उरलंच नाही, पाणी पुरलं.

९. फाइल काढताना

आधी एक मोठी मास्टर फाइल काढा, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये, आणि बाकी सगळ्या प्रती तिच्यावरून. यूट्यूब मोठा आवाज सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतं, त्याच्या आसपास मिक्स ठेवा. महोत्सवांचे नियम आधी वाचा. ऑस्करसाठी शॉर्टफिल्म श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांच्या आत लागते. आपल्या मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या मिफमध्ये, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, लघुपटांचा विभाग आहेच. थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी डिजिटल प्रत) मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर ती बनवतं. डीसीपी सहसा २४ फ्रेमची असते, म्हणून २५ ची फिल्म संथ चालवली तर बारा मिनिटांची साडेबारा होते. फॉर्मवर तीच लांबी लिहा.

पाठवण्याआधी तीच फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा चालवा: हेडफोनवर, घरच्या टीव्हीवर आणि फोनच्या स्पीकरवर. फोनवर आम्हाला आईचं शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. ते दोन डेसिबलने वर घेतलं, पाणी एक डेसिबलने खाली, आणि पुन्हा एक्स्पोर्ट लावून झोपलो.