टायगर वूड्सचे मोसम तोलताना या चुका टाळा

गोल्फपटू टायगर वूड्सचा सर्वांत जबरदस्त मोसम कोणता, 2000 की 2006 की 2007? हा वाद मला मनापासून आवडतो. पण दर वेळी तो त्याच त्या चुकांवर येऊन अडतो, आणि त्याचा मला आता खरोखर त्रास होतो.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे दोन वेगळ्या सरासऱ्या शेजारी मांडणं. एका क्रीडा पानाचा मजकूर मी तपासत होतो. नव्या लेखकाने एका फेरीतल्या फटक्यांची 2000 ची सरासरी 68.17 आणि 2007 ची 67.79 लिहिली होती. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, म्हणून मथळाही तयार होता: 2007 चा वूड्स सरस! मी विचारलं, आकडे कुठून घेतले? दोन ठिकाणांहून. 68.17 ही प्रत्यक्ष फटक्यांची सरासरी. 67.79 ही समायोजित, म्हणजे त्या दिवशी बाकीचे खेळाडू त्याच मैदानावर कसे खेळले हे धरून काढलेली. आणि 2000 ची समायोजित सरासरीही 67.79 च आहे! रात्री अकराला अख्खं पान बदलावं लागलं. पाच मिनिटं थांबून बघितलं असतं तर ही वेळ आली नसती, पण नवख्यांना निष्कर्षाची भारी घाई. मी वहीत आधी मोजमापाचं नाव लिहितो, मगच आकडा.

दुसरी चूक नुसते विजय मोजण्याची. 2000 मध्ये 9 आणि 2006 मध्ये 8, म्हणून 2000 पुढे? अहो, 2000 मध्ये तो पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या, 20 स्पर्धा खेळला, 2006 मध्ये फक्त 15. मग लोक टक्केवारी काढतात आणि तिथेही फसतात. 2008 मध्ये 6 पैकी 4 जिंकून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा मोसम जूनमध्येच संपला. टक्केवारीत तोच मोसम सगळ्यांच्या वर जातो. म्हणून मी कायम ‘20 पैकी 9’ असंच लिहितो. 2006 च्या ओळीपुढे तर आणखी दोन वाक्यं हवीतच. मे महिन्यात वडील गेले, जूनमध्ये विंग्ड फूटच्या यूएस ओपनमध्ये कट हुकला, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच तो बाहेर पडला. आणि हॉयलेकच्या ब्रिटिश ओपनपासून त्याच माणसाने त्या वर्षी टूरवर खेळलेल्या उरलेल्या सहाही स्पर्धा जिंकल्या.

पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, खाली किती, यावरून तुलना नको. 2000 मध्ये पेबल बीचच्या यूएस ओपनमध्ये तो 12 खाली होता, सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये 19 खाली. तरी मोठा पराक्रम पेबल बीचचाच. तिथे दुसरा कुणीही पारच्या खाली नव्हता आणि अंतर होतं 15 फटक्यांचं. सेंट अँड्र्यूजला ते 8 होतं.

बक्षिसाची रक्कम तर बाजूलाच ठेवा. वूड्सला 2000 च्या 9 विजयांच्या मोसमात सुमारे 92 लाख डॉलर मिळाले. अमेरिकेचाच गोल्फपटू स्कॉटी शेफलर याला 2022-23 मध्ये 2 विजयांवर 2 कोटी 10 लाख.

मोसम म्हणजे नेहमी कॅलेंडर वर्ष नव्हे. 2013-14 ते 2022-23 या काळात टूरचा मोसम आदल्या वर्षाच्या शेवटी सुरू व्हायचा.

शेफलरच्या 2024 च्या 7 विजयांत पॅरिसचं ऑलिंपिक सुवर्ण मिसळू नका. ते टूरच्या हिशेबात येत नाही. मी ते खाली वेगळ्या ओळीत लिहितो.