वायफायवर येताच प्रिंटर बंद पडतो? दोष असा हुडका

'प्रिंटर बंद पडतो' असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. कधी खुद्द प्रिंटरच गोठतो: बटणे दाद देत नाहीत, पडद्यावर एरर कोड येतो किंवा तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कधी प्रिंटर ठणठणीत असतो, पण संगणकावर 'ऑफलाइन' दिसतो. आणि कधी प्रिंटर बिचारा वाट बघत बसलेला असतो, कोसळलेली असते ती संगणकातली छपाईची यंत्रणा. हे न बघता बहुतेक जण थेट ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलू देणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकायला बसतात. त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

म्हणून आधी प्रिंटरपाशी जाऊन उभे राहा आणि संगणकावरून एक पान सोडा. प्रिंट अडकली तर प्रिंटरच्या बटणांनी मेनू उघडतो का ते बघा. वर काच असेल तर एक झेरॉक्स काढून बघा. ती निघाली तर प्रिंटर शाबूत आहे. तुम्ही पायरी ५ पासून वाचा. बटणेच मेली असतील तर पुढे चला.

पायरी १: वायफाय तोडून बघा

प्रिंटरच्या मेनूतून वायफाय बंद करा. छोट्या प्रिंटरला मेनू नसतो, तिथे राउटरच थोडा वेळ बंद ठेवा. मग प्रिंटर बटणाने बंद करून वायर सॉकेटमधून काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. आता दोन-चार झेरॉक्स किंवा चाचणीची पाने काढा.

तरीही तो पडला, तर वायफायला दोष देऊ नका. लेझर प्रिंटर असेल तर आधी वीज तपासा. शाई पक्की करणारा त्याचा रोलर तापताना एकदम मोठा करंट ओढतो. प्रिंटर छोट्या यूपीएसवर किंवा आधीच भरलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर त्या क्षणी विजेचा दाब घसरतो आणि प्रिंटर रीसेट होतो. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावूच नये, हा नियम तसाही पाळण्यासारखा आहे.

वायफायशिवाय नीट चालतो आणि वायफाय मिळाल्या मिळाल्या पडतो, असे दिसले तर बहुधा पुढच्या पायरीवरच काम होईल.

पायरी २: अडकलेला जॉब काढून टाका

एखादी बिघडलेली पीडीएफ, विचित्र फॉन्ट, अवाढव्य फोटो किंवा न जुळणारा ड्रायव्हर यांमुळे प्रिंटरला कधीकधी असा डेटा मिळतो की तो पचवताना त्याची मती गुंग होते. तो कोसळतो, तुम्ही बंद-चालू करता. तिकडे संगणक मात्र तो जॉब, म्हणजे छपाईला सोडलेले ते काम, सोडत नाही. प्रिंटर नेटवर्कवर दिसला की तीच फाइल पुन्हा पाठवतो, आणि प्रिंटर पुन्हा पडतो. बघणाऱ्याला वाटते की वायफायला जोडले की बंद पडतो. गुन्हेगार असते ती एक फाइल. एचपीच्या लेझर प्रिंटरवर ४९ आकड्याने सुरू होणारा एरर कोड पुष्कळदा याच प्रकारातला असतो.

प्रिंटर बंद ठेवा आणि छपाईची वाट बघणाऱ्या जॉबच्या रांगा रिकाम्या करा. रांगा असे मुद्दाम म्हणतो आहे, कारण घरातल्या प्रत्येक लॅपटॉपची आणि फोनची रांग वेगळी असते. तुमचा संगणक स्वच्छ असला तरी दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवर गेल्या आठवड्यातला जॉब अडकलेला असू शकतो.

विंडोजवर सेटिंग्जमधून प्रिंटर निवडून रांग उघडा आणि सगळे जॉब रद्द करा. 'डिलिटिंग' असे म्हणत एखादा जॉब तिथेच चिकटून राहिला, तर सर्व्हिसेस उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) शोधा आणि त्यावर राइट क्लिक करून थांबवा. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स अशा क्रमाने फोल्डर उघडत जा. आतल्या फाइली डिलीट करा. फोल्डर तसाच राहू द्या. मग स्पूलर पुन्हा सुरू करा. तो थांबवल्याशिवाय या फाइली हलत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. मॅकवर रांगेतले जॉब काढून भागले नाही तर प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक करा आणि 'रीसेट प्रिंटिंग सिस्टम' निवडा. मात्र त्याने जोडलेले सगळे प्रिंटर यादीतून जातात, ते पुन्हा जोडावे लागतात.

आता प्रिंटर सुरू करा, वायफायला जोडा आणि नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून तेवढेच पान छापा. हे पान नीट आले आणि ती जुनी फाइल पाठवल्यावर प्रिंटर पुन्हा पडला, तर दोष सापडला. फाइल थोड्या थोड्या पानांनी छापा म्हणजे नेमके कोणते पान नडते ते कळेल. ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' असा पर्याय असतो. त्याने पान चित्र म्हणून जाते आणि फॉन्टची कटकट टळते. छपाई जरा सावकाश होते, पण होते.

पायरी ३: कोणी काही पाठवत नसतानाही पडतो का?

घरातली सगळी यंत्रे वायफायवरून काढा, फक्त प्रिंटर जोडलेला ठेवा आणि पाव तास वाट बघा. तो नुसता बसल्या बसल्या पडला, तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून प्रिंटर त्याला जोडा. घरगुती प्रिंटर बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यावर ठेवा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर 'मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू केले की झाले.

हॉटस्पॉटवर सुरळीत चालला तर राउटरच्या सेटिंगकडे वळा. तिथेही पडला तर संशय प्रिंटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅमवर. फर्मवेअर अपडेट शक्यतो यूएसबी वायर लावून करा. वायफायवर पडणाऱ्या प्रिंटरला वायफायवरूनच अपडेट देणे धोक्याचे आहे. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर प्रिंटर कायमचा निकामी होऊ शकतो. प्रिंटरमध्ये 'वेब सर्व्हिसेस' किंवा ईमेलवरून छपाई अशी सोय असेल तर ती बंद करून बघा. तिच्यासाठी प्रिंटर सतत इंटरनेटवर बोलत असतो आणि बहुतेक घरांत ती कोणी वापरतही नाही.

पायरी ४: राउटर

इथे एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक बदलानंतर एक पान छापा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंटर चालू लागला, तर कशाने ते कधीच कळणार नाही.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने देत असेल तर काही प्रिंटर गोंधळतात. २.४ ला वेगळे नाव द्या आणि प्रिंटर त्यावर बांधून टाका. चॅनल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा, कारण हे तीन एकमेकांवर येत नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ निवडलेले असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आले. त्याआधीच्या प्रिंटरला ते कळण्याची शक्यता कमीच, आणि दोन्हींचा मिश्र पर्यायही काहींना झेपत नाही. पासवर्ड मात्र कधीच काढून टाकू नका, चाचणीपुरताही नाही.

प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर असेल तर तिथून हलवा. त्या नेटवर्कवरची यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच सहसा रचना असते. सिग्नलसाठी प्रिंटरचा नेटवर्क रिपोर्ट छापा. त्यात सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नल मोजण्याचे एकक) असेल तर उणे ६७ च्या आसपास उत्तम, उणे ८० च्या खाली गेला तर प्रिंटर किंवा राउटर हलवा.

पायरी ५: प्रिंटरचा पत्ता पक्का करा

राउटर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. प्रिंटरचा नेटवर्क रिपोर्ट छापा आणि त्यावर त्याचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतला आहे. राउटर आधी सुरू करा, तो पूर्ण जागा होऊ द्या आणि मगच प्रिंटर.

आता दोन यंत्रांना एकच पत्ता गेला आहे का ते तपासा. प्रिंटर बंद करा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा, प्रिंटरचा पत्ता टाका आणि एंटर दाबा. उत्तर येता कामा नये. 'रिप्लाय फ्रॉम' अशी ओळ आलीच तर ती शेवटपर्यंत वाचा. तिच्यात पुढे 'अनरीचेबल' असेल तर ते उत्तर प्रिंटरचे नाही. पलीकडे कोणी नाही असे तुमचाच संगणक सांगतो आहे. पण ओळीत प्रिंटरचाच पत्ता आणि पुढे वेळ मिलिसेकंदांत दिसली, तर त्या पत्त्यावर दुसरे कोणीतरी बसले आहे. दोघांच्या ओढाताणीत प्रिंटर कधी दिसतो, कधी गायब होतो.

दोन्हींचा उपाय एकच. राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि रिपोर्टवरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) देऊन प्रिंटरसाठी एक आयपी राखून ठेवा. प्रिंटरच्या मेनूत हाताने पत्ता घालण्यापेक्षा हे बरे, कारण सगळा हिशेब राउटरकडे राहतो.

पायरी ६: संगणकाची बाजू

विंडोज पुष्कळदा प्रिंटर 'डब्ल्यूएसडी' नावाच्या पोर्टवर जोडते. सोयीचे आहे, पण माझे मत त्याबद्दल चांगले नाही. प्रिंटर झोपेतून उठला की या पोर्टवर तो अनेकदा सापडत नाही. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स'वर जा, 'ॲड पोर्ट'मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि राखून ठेवलेला पत्ता घाला. तिथेच 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस' अशी खूण असते. प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसत असेल तर ती काढा.

यादीत एकाच प्रिंटरची दोन-तीन नावे, कुठे पुढे 'कॉपी १', असे दिसले तर जुनी नावे काढून टाका. प्रिंट बरेचदा मेलेल्या नावाकडे जात असते. ऑफिसचे व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) चालू असेल तर घरचा प्रिंटर दिसेनासा होणे अगदी साहजिक आहे, ते बंद करून बघा.

छापायला सांगितल्यावर संगणकच कोसळत असेल तर नुकतेच कोणते अपडेट आले ते बघा. मार्च २०२१ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरना काम दिले की निळा पडदा येत होता, आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्तीचे अपडेट काढावे लागले. अपडेटचा संबंध नसेल तर कंपनीचा ड्रायव्हर काढा आणि विंडोजचा स्वतःचा 'आयपीपी क्लास ड्रायव्हर' वापरून बघा. शाईची पातळी वगैरे दाखवणाऱ्या खिडक्या जातील, पण छपाई निमूट होईल.

एवढे करूनही पडत असेल तर

प्रिंटर फॅक्टरी रीसेट करून वायफाय नव्याने जोडा. मागे नेटवर्क केबलची जागा असेल तर राउटरला केबलने जोडून बघा. केबलवर दिवसभर नीट चालला आणि वायफायवर पडला, तर प्रिंटरचा वायफायचा भाग गेला असावा. तो दुरुस्त करण्याच्या भरीला न पडता केबलवरच ठेवणे स्वस्तात पडते. यूएसबीने राउटरला किंवा कायम चालू असलेल्या संगणकाला जोडून तो घरात सगळ्यांना देता येतो. दुरुस्तीला न्यायचाच असेल तर एरर कोडचा फोटो, छापलेला नेटवर्क रिपोर्ट आणि तो पाडणारी फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या, कारण दुकानातल्या वायफायवर तो हमखास नीट चालतो.